मागून येणारं जहाज: टेम्स, २० ऑगस्ट १९८९

रात्री शहरातल्या पाण्यात कयाक घालायची हौस असलेल्या प्रत्येकाने मार्शनेस बोटीचा घटनाक्रम एकदा सावकाश वाचावा, असं मला मनापासून वाटतं. ती कयाक नव्हती. २६ मीटर लांबीची, १९२३ साली ऑक्सफर्डमध्ये बांधलेली प्रवासी बोट होती. १९४० मध्ये डंकर्कच्या किनाऱ्यावरून सैनिक सोडवून आणायला गेलेल्या छोट्या नौकांमध्ये तिचाही समावेश होता. पण २० ऑगस्ट १९८९ च्या रात्री, लंडनच्या टेम्स नदीत, तिच्या मागून जे जहाज आलं, त्याच्यापुढे ती कयाकएवढीच होती. तिचा घात ज्या गोष्टींनी केला, त्यातली एकूण एक गोष्ट आजही रात्री पाण्यावर वल्हं मारणाऱ्याच्या वाट्याला येते.

१९ ऑगस्ट, शनिवार, दुपार ते संध्याकाळ

लंडनच्या नैर्ऋत्येला, नाइन एल्म्सच्या धक्क्यावर बोबेल नावाचं जहाज आपला माल रिकामा करत होतं. समुद्राच्या तळातून वाळू आणि खडी उपसून शहराच्या बांधकामांना पुरवायची, हे त्याचं काम. १९६४ चं जहाज, लांबी ७५ मीटरांच्या वर, टनभाराने दीड हजार टनांच्या आसपास. मार्शनेस शेहेचाळीस टनांची. म्हणजे एकास तीस.

या जहाजाची बांधणी समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळत नाही. चालकखोली अगदी मागे. तिच्या आणि नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, मध्ये वाळू उपसायची सगळी यंत्रं उभी. त्यात माल उतरवलेला, त्यामुळे जहाज मागे बसलेलं आणि नाळ वर उचललेली. चालकखोलीतल्या माणसाला आपल्या नाळेपुढचा पाण्याचा बराच मोठा पट्टा दिसतच नसे. तिथे जे काही असेल ते त्याच्या लेखी नसल्यातच जमा.

त्या दुपारी कप्तान आणि काही खलाशी पबमध्ये जाऊन बिअर प्यायले, हे चौकशीत पुढे आलं. त्याची चर्चा खूप झाली आणि व्हायलाच हवी होती. तरीही मला ती बाकीच्या तपशिलांपुढे दुय्यम वाटते. तो दिवसभर पाण्याशिवाय काही प्यायला नसता, तरी नाळेपुढचा तो पट्टा त्याला दिसला नसता.

रात्री अकरा ते मध्यरात्र

आपल्याकडची नारळी पौर्णिमा होऊन जेमतेम तीन दिवस झाले होते. म्हणजे उधाणाच्या भरतीचे दिवस. मध्य लंडनमध्ये उधाणाला पाणी सात मीटरांपर्यंत चढतं-उतरतं. वेसाव्याच्या किंवा हर्णैच्या तांडेलाला हा आकडा ऐकून आश्चर्य वाटेल, कारण त्याच्या समुद्रात यापेक्षा कितीतरी कमी चढउतार असतो. एवढं पाणी सहा तासांत दगडी काठांच्या आणि पुलांच्या खांबांच्या मधून आत घुसायचं म्हणजे प्रवाहाला जोर येणारच. पहाटेपर्यंत भरती चढत राहणार होती. नदीचं पाणी समुद्राकडे न जाता उलटं, शहरात वर येत होतं.

आकाशात चंद्र होता, धुकं नव्हतं, पाऊस नव्हता. रात्री पाण्यात उतरताना आपण नेमक्या ज्या हवेची वाट बघतो, तशीच हवा.

लंडनमध्ये एका तरुण बँकरच्या सव्विसाव्या वाढदिवसाची मित्रमंडळी जमत होती. एम्बँकमेंटच्या धक्क्यावरून बोटीत बसायचं, नदीतून नाचगाणं करत फिरायचं, असा बेत होता. छायाचित्रणाच्या आणि फॅशनच्या व्यवसायातली, बहुतेक विशी-पंचविशीतली मुलं.

रात्री सव्वाच्या सुमारास

रिकामं बोबेल नाइन एल्म्सहून निघालं. नदीच्या खालच्या अंगाला, समुद्राकडे, पुढची वाळू आणायला. व्हॉक्सहॉल पुलाशी आल्यावर त्याने वूलिचच्या नौकानयन केंद्राला रेडिओवर आपली वर्दी दिली. मोठी जहाजं अशा वर्द्या देत असत आणि केंद्र ठरावीक वेळाने, दर तासाला सव्वा आणि पाऊण वाजता, कोणतं जहाज कुठे आहे ते नदीवरच्या सगळ्यांना सांगत असे.

नियमाप्रमाणे नाळेवर पाळतीला माणूस ठेवलेला होता. पण त्याने नेमकं काय पाहायचं आणि काय दिसलं की काय करायचं, याच्या स्पष्ट सूचना नव्हत्या. त्याच्यात आणि चालकखोलीत साठ-सत्तर मीटरांचं अंतर, मध्ये यंत्रं आणि इंजिनाचा आवाज. चालकखोलीशी बोलायचं भरवशाचं साधन त्याच्या हातात नव्हतं. या घटनाक्रमात मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे. पाहणारा डोळा जहाजावर होता, पण त्याने पाहिलेलं सुकाणूपर्यंत पोहोचायची वाट नव्हती.

कयाकमधून समोर मोठं जहाज दिसलं की मनाला वाटतं, त्यांच्या नाळेवर माणूस उभा आहे, त्याने आपल्याला बघितलं असणार. बघितलं असेलही. त्याने काही बदलत नाही.

१:२५

मार्शनेस एम्बँकमेंटच्या धक्क्यावरून सुटली. ठरल्या वेळेपेक्षा उशिराच. बोटीवर १३० च्या आसपास माणसं. तीही बोबेलच्याच दिशेने, खाली, भरतीच्या तोंडावर निघाली.

आता मार्शनेसची बांधणी. मूळच्या बोटीवर मागाहून एक वरचा मजला चढवला होता, प्रवाशांना बसायला. त्यामुळे सुकाणूवरच्या माणसाला पाठीमागचं नीट दिसत नसे. मागे पाहायला वेगळा माणूस नेमलेला नव्हता. म्हणजे चित्र असं, की मागच्या जहाजाला पुढचं दिसत नाही आणि पुढच्या बोटीला मागचं. दोघंही एकाच दिशेने, एकाच नदीच्या मधोमध, एकाच कमानींकडे निघालेले.

कयाकमध्ये तर मागे पाहणं शरीरालाच अवघड जातं. कंबरेपासून खाली माणूस बोटीत घट्ट बसलेला, अंगावर जाडजूड जॅकेट. मान जेमतेम खांद्यापर्यंत वळते आणि जास्त वळवली की बोट डुचमळते. त्यात जहाजाच्या इंजिनाचा आवाज त्याच्या मागच्या टोकाला असतो. नाळ तुमच्याकडे येत असेल तर तो आवाज पोहोचेपर्यंत फार थोडा वेळ हाती उरतो. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की रात्रीच्या गटात सगळ्यात जाणता माणूस पुढे ठेवू नये, शेवटी ठेवावा. वाट दाखवायला शहराचे पूल आहेत. मागे काय येतंय ते सांगायला मात्र माणूसच लागतो, आणि त्याच्याकडे शिट्टी हवी, रेडिओ हवा. सगळ्यांनी त्याचा एक शब्द ऐकताच विचार न करता काठाकडे वळायचं, हे पाण्यात उतरण्याआधी ठरलेलं हवं.

दीड ते पावणेदोन

वॉटर्लूच्या पुलानंतर टेम्स पूर्वेकडे वळते आणि ब्लॅकफ्रायर्स, सदर्क, कॅनन स्ट्रीट, लंडन ब्रिज असे पूल थोड्या थोड्या अंतरावर लागतात. प्रत्येक पुलाची ठरावीक कमान मोठ्या जहाजांसाठी. मोकळ्या कमानीवर रात्री दोन नारिंगी दिवे आडवे लावलेले असतात. कमान बंद असेल तर तांबडे. मोठं जहाज या पुलांमधून जाताना दोरीत ओवल्यासारखं जातं. एका कमानीतून बाहेर पडता पडता पुढची कमान धरावी लागते. डावी-उजवीकडे सरकायला त्याला जागा नसते.

याच पट्ट्यात उजेड सगळ्यात जास्त. काठावरच्या इमारती, रस्त्यावरचे दिवे, गाड्या, पुलांची रोषणाई, आणि त्या सगळ्याचं पाण्यात पडलेलं लांबच लांब प्रतिबिंब. लोक समजतात की शहरात उजेड आहे म्हणजे आपण दिसतो. प्रत्यक्षात उलटं घडतं. अंधाऱ्या खाडीत एक कंदील दोन मैलांवरून कळतो. शहरात तोच कंदील हजार दिव्यांतला एक होतो. मार्शनेसवर तर नाचगाण्याचे दिवे झगमगत होते. मागून, उंचावरून पाहणाऱ्याला ते काठाच्या दिव्यांत मिसळून गेले असतील तर त्यात नवल नाही.

कयाकवाल्याने या ठिकाणी थोडं थांबून दिव्यांचा विचार करायला हवा. आंतरराष्ट्रीय नियम वल्ह्यांच्या बोटीकडून फार काही मागत नाही. तांबडा-हिरवा दिवा लावता आला तर लावा, नाहीतर पांढरा दिवा हाताशी तयार ठेवा आणि टक्कर टाळायला पुरेसा वेळ असतानाच तो दाखवा. शहरी नदीत एवढ्यावर भागत नाही. पांढरा, चोहीकडून दिसणारा दिवा पाठीमागे उंच काठीवर लावावा, डोळ्यांच्या रेषेच्या वर. कपाळावर दिवा बांधणारे मी अनेक पाहिले आहेत. त्या दिव्याने आपल्याच वल्ह्याची पाती उजळतात, आपलेच डोळे दिपतात, आणि अंधाराला सरावायला डोळ्यांना लागलेली वीस-तीस मिनिटं एका क्षणात वाया जातात. शिवाय मान वळली की तो दिवा वळतो, म्हणजे जहाजावरून पाहणाऱ्याला कधी दिसतो, कधी नाही. वल्ह्याच्या पात्यांवर चमकपट्टी मात्र जरूर लावावी. झोत पडला की पात्यांची वरखाली होणारी हालचाल नजरेत भरते. लखलख उघडझाप करणारे तीव्र दिवे नेहमीसाठी वापरू नयेत, असं नियमच सांगतो.

दुसऱ्याचे दिवे वाचणंही तितकंच महत्त्वाचं. पन्नास मीटरांहून लांब जहाजाला डोलकाठीचे दोन पांढरे दिवे असतात, पुढचा खाली आणि मागचा वर. ते दोन्ही एकावर एक सरळ रेषेत दिसले आणि खाली तांबडा-हिरवा एकदमच दिसू लागला, तर जहाज नेमकं तुमच्यावर रोखलेलं आहे. एखादा दिवा तुमच्या दृष्टीने एकाच दिशेला खिळून राहिला आणि फक्त मोठा होत गेला, तर ती टक्कर आहे, फक्त अजून झालेली नाही.

१:४५

दोन्ही नौका सदर्क पुलाच्या मधल्या कमानीतून पुढे सरकत होत्या. जवळच हर्लिंगम नावाची दुसरी एक सहलीची बोट होती, तिच्यावरही पार्टी चालली होती. भरती तीनेक नॉट्सच्या वेगाने समोरून येत होती. लहान बोटीची चाल त्यात मंदावते. मोठ्या इंजिनाच्या जहाजाचं अंतर मात्र कमी होत राहतं.

१:४६

बोबेलच्या नाळेने मार्शनेसला मागच्या भागात, डावीकडे धक्का दिला.

मोठं जहाज अरुंद पाण्यातून चालतं तेव्हा नाळेपुढे पाण्याचा दाब फुगतो आणि बाजूने पाणी ओढलं जातं. पुढे असलेल्या लहान बोटीचं मागचं अंग या दाबाने एका बाजूला ढकललं जातं, तिचं तोंड फिरतं आणि ती जहाजाच्या वाटेत आडवी होते. या ओढीचा विचार तपासात झाला. तिचा वाटा किती होता हे कसंही ठरवा, घडलं ते असंच होतं. पहिल्या धक्क्याने मार्शनेस डावीकडे वळली, नाळेपुढे आडवी झाली आणि दुसरा घाव थेट तिच्यावर बसला. वरचा मजला उखडला गेला. बोट कलंडून जहाजाखाली ढकलली गेली.

सुमारे तीस सेकंदांत ती बुडाली.

खालच्या दालनात नाचणाऱ्यांना अंधार, काचा आणि पाणी एकाच वेळी भेटलं. बोटीवर जीवरक्षक साधनं होती की नव्हती, पुरेशी होती की अपुरी, हा प्रश्न तीस सेकंदांत निरर्थक होतो. कयाकमध्ये पाठीमागे दोरीखाली खोवलेलं लाइफजॅकेट मी जेव्हा जेव्हा पाहतो, तेव्हा मला हा आकडा आठवतो. जॅकेट अंगात, पट्टे आवळलेले. पाण्यात पडल्यावर ते घालता येत नाही.

१:४६ नंतर

बोबेल पुढे कॅनन स्ट्रीट रेल्वे पुलाच्या खांबाला घासलं. त्याच्यावरून पाण्यातल्या माणसांकडे तरंगणारी कडी किंवा तराफा टाकला गेला नाही.

हर्लिंगमवरच्या लोकांनी डोळ्यांदेखत बोट बुडताना पाहिली. तिच्या चालकाने रेडिओवर निरोप दिला आणि बोट माणसांकडे वळवली. पार्टीला आलेले पाहुणे वाकून वाकून लोकांना वर ओढत होते. पोलिसांच्या नौका आल्या. पण पहिल्या निरोपात ठिकाणाचा घोळ झाला. नदीच्या वरच्या अंगाचा, भलताच पूल ऐकला गेला आणि मदतीचा काही भाग तिकडे निघाला.

पाण्यातली माणसं मात्र एका जागी नव्हती. भरती त्यांना उलट, सदर्क आणि ब्लॅकफ्रायर्सच्या बाजूला घेऊन चालली होती. काठ जवळ दिसतो, पण तो दगडी, उभा आणि बुळबुळीत भिंतीचा आहे. हात धरायला काही नाही. ठिकठिकाणी साखळ्या आणि शिड्या आहेत, पण त्या अंधारात सापडायला हव्यात. पाणी ऑगस्टचं होतं, बर्फगार नव्हतं. तेच मार्च महिन्यात असतं तर थंडीच्या पहिल्या झटक्यानेच श्वासाचा ताबा सुटला असता आणि वाचलेल्यांतले कितीतरी वाचले नसते.

पहाट आणि त्यानंतरचा दिवस

उजाडेपर्यंत बोटींनी जेवढ्यांना काढायचं तेवढ्यांना काढलं होतं. मार्शनेस वर उचलली तेव्हा आत २४ देह सापडले. एकूण ५१ माणसं गेली. ज्याचा वाढदिवस होता तोही, आणि बोट चालवणाराही.

घरच्यांचे हाल इथे संपले नाहीत. ओळख पटवण्याच्या नावाखाली २५ मृतांचे हात कापून घेतल्याचं त्यांना नंतर कळलं. पाळत नीट न ठेवल्याबद्दल बोबेलच्या कप्तानावर दोनदा खटला उभा राहिला आणि दोन्ही वेळा ज्युरीचं एकमत झालं नाही. १९९५ मध्ये मृत्यूंच्या चौकशीतल्या ज्युरीने बेकायदा मनुष्यवधाचा निर्णय दिला. जाहीर चौकशी व्हावी म्हणून नातेवाईक दहा वर्षांहून जास्त काळ भांडत राहिले. लॉर्ड जस्टिस क्लार्क यांच्या औपचारिक तपासाचा अहवाल २००१ मध्ये आला आणि त्याने ठपका ठेवला तो दोन्ही नौकांवर नीट पाहिलं न जाण्यावर. त्या लोकांच्या चिवटपणाचा मला फार आदर वाटतो. टेम्सवर आज जे काही सुरक्षित आहे ते त्यांनी मागून, भांडून घेतलेलं आहे.

त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे जीवरक्षक बोटी. २ जानेवारी २००२ पासून आरएनएलआय या संस्थेची ग्रेव्ह्जएंड, टॉवर, चिझिक आणि टेडिंग्टन अशी चार केंद्रं टेम्सवर सुरू झाली. त्याआधी ही संस्था समुद्रकिनाऱ्यांवर काम करत होती, नदीवर नव्हे. टॉवर केंद्र पुढे वॉटर्लू पुलाशी हललं आणि साऱ्या ब्रिटिश बेटांवरचं सगळ्यात जास्त धावपळीचं केंद्र ठरलं.

मुंबईकरांना १८ डिसेंबर २०२४ आठवत असेल. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीवर, भर दुपारी, इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान बोट आदळली आणि १५ जणांचा जीव गेला. त्यानंतर लाइफजॅकेटची सक्ती झाली. तिथे अंधार नव्हता आणि दिव्यांचा झगमगाटही नव्हता. न्यूयॉर्कमध्ये ३० ऑगस्ट २०१६ ला हडसन नदीत फेरीबोट कयाकांच्या गटात घुसली तेव्हाही उजेडच होता. मावळतीचं ऊन चालकाच्या थेट डोळ्यांत होतं. डोळा अंधाराने जसा आंधळा होतो तसाच उजेडानेही होतो, आणि रात्रीच्या शहरात दोन्ही एकत्र असतात.

आज मध्य लंडनमध्ये कयाक घालायची तर काही गोष्टी पक्क्या माहीत हव्यात. पुलांच्या कमानींवर एक पांढरा दिवा ठरावीक लयीत उघडझाप करू लागला, तर चाळीस मीटरांहून लांब जहाज जवळ आहे. तोच दिवा भराभर लुकलुकू लागला, तर अशी जहाजं एकाहून जास्त आहेत. अशा वेळी कमानीत शिरायचं नाही, पुलाच्या अलीकडे काठाला लागून थांबायचं. खांबाच्या पुढे, प्रवाहाच्या तोंडावर थांबू नये. पाणी बोटीला खांबावर दाबून उलटवतं. मोठ्या जहाजाला वाट देण्याचं काम लहान बोटीचं आहे, कारण अरुंद नदीत त्याला वळायला जागाच नाही. हॉर्नचे पाच आखूड आवाज ऐकू आले, तर तुम्ही काय करताय ते त्या जहाजाला कळत नाहीये. तेव्हा हात हलवत बसायचं नाही, वाट सोडायची.

जलरोधक व्हीएचएफ रेडिओ छातीवर बांधलेला हवा, पिशवीत नव्हे. टेडिंग्टनपासून खाली क्रेफर्डनेसपर्यंत नदीवरची वाहतूक चॅनल १४ वर बोलते. ते चालू ठेवलं की कोणतं जहाज कोणत्या पुलाशी आहे ते आपोआप कानावर पडत राहतं. मदत मागायची वेळ आली तर चॅनल १६. त्यावर बोलताना काय झालं हे नंतर सांगा. आधी पुलाचं नाव सांगा, ते पुन्हा सांगा, पुलाच्या वरच्या अंगाला आहात की खालच्या ते सांगा, आणि प्रवाह तुम्हाला कुणीकडे नेतोय ते सांगा.